अर्धा कप

मधलीनं टेबलावर सहा कप मांडले, मग त्यातला एक उचलून परत कपाटात ठेवला. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली, तरी तिचा हात अजून सहाच मोजत होता.

ताईनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर काहीतरी दिसल्यासारखं केलं. विद्यापीठात तीस वर्षं काढलेली, भरल्या वर्गात मागच्या बाकावरची डुलकीसुद्धा न सोडणारी ही बाई या भावजयीच्या घरी आली की मऊ पडायची. मधला, म्हणजे मधलीचा नवरा, तिच्या पाठचा भाऊ. घराण्यातल्या ज्या आजारानं तो गेला, त्यावर तिनं वीस वर्षं घालवली होती, आणि त्या वीस वर्षांचा त्याला स्वतःला काडीचा उपयोग झाला नव्हता. तो गेला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. ती मात्र रोज स्वतःला ऐकवत असे.

"ताई, बसा ना. उभ्या काय?" मधली म्हणाली. "मुलं येतीलच. भोपळ्याची पाळी अडीचला संपते."

भोपळ्या तिचा मुलगा. बाळपणी गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव. आता एकोणतीस वर्षांचा, काठीसारखा सडसडीत, शहराची बस चालवायचा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. त्याची मोठी बहीण ठकी घड्याळं दुरुस्त करायची. आजचा दुपारचा चहा म्हणजे खरं तर ताईचा सत्कार होता, आणि तो धाकट्याच्या डोक्यातून निघाला होता. दहा दिवसांपूर्वी ताईचा शोधनिबंध छापून आला होता. घरातला आजार रक्तातल्या नेमक्या कुठल्या चुकीनं होतो, हे जगात पहिल्यांदा तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. तो अंक टेबलाच्या मधोमध, पावाच्या टोपलीला टेकवून ठेवला होता.

या आजाराला घरात "हाताचं" म्हणत. आजोबांना हाताचं झालं, मग वडिलांना, मग मधल्याला. चाळिशी ओलांडली की आधी हात थरथरे, मग पाय ऐकेनासे होत, शेवटी शब्द. आणि या घरात चहा दोन मापांनी ओतला जाई. धडधाकट माणसाला पूर्ण कप, हाताचं झालेल्याला अर्धा, म्हणजे चार लोकांत सांडायला नको. कुणी कधी कुणाला सांगितलं नाही. एक दिवस कप अर्धा येई आणि माणूस काय ते समजे. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर ताईच्या आईनं, ती तेव्हा होती, मधल्याला अर्धा कप दिला होता. तो कपात बघत राहिला, मग हसून म्हणाला, "आलं का माझंही?" आणि पिऊन टाकला.

त्यानंतर पंधरवड्यात ताई नळ्या आणि सुया घेऊन आली होती. सगळ्यांचं रक्त घेतलं. भोपळ्याला अठरा पूर्ण होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, बाह्या सरसावून तोच पहिला बसला. प्रत्येकाच्या कागदावर दोन चौकटी होत्या: माझा निकाल मला कळावा, कळू नये. सगळ्यांनी दुसरीवर खूण केली. "नळ्यांवर नुसते आकडे असतील," ताईनं सांगितलं होतं. "कुठला आकडा कुणाचा, तो कागद लिफाफ्यात, लिफाफा कुलपात. मीसुद्धा बघणार नाही." मधल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली होती. "तू म्हणालीस म्हणजे झालं."

दारावर कोपर आपटल्याचा आवाज झाला. धाकटा असाच यायचा, हात नेहमी भरलेले. त्याचा छापखाना होता. आज काखेत एक भलीमोठी गुंडाळी होती आणि मागून ठकी आणि भोपळ्या तिचं दुसरं टोक सांभाळत येत होते.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, घराणं येतंय," धाकटा ओरडला. "वहिनी, ते फुलांचं चित्र काढा भिंतीवरून. आज त्याची बदली झाली."

"काय आणलंत भाऊजी? दार तरी लावून घ्या."

"आधी टाचण्या द्या."

त्यानं भिंतीवर जे उलगडलं ते ताईनं लगेच ओळखलं. निबंधाच्या तिसऱ्या पानावरचं चित्र त्यानं दाराएवढं मोठं करून छापलं होतं. जाड, गुळगुळीत कागद, चारी बाजूंनी नेमका समास. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, मध्ये रेषा, चार पिढ्या.

"नावं नाहीत," धाकटा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "आभारातसुद्धा 'कुटुंबातील सर्व व्यक्ती' एवढ्यावर बोळवण केलीय आपली. पण मला काय ओळखता येत नाही होय? हे आजोबा. हे वडील. खाली तीन भावंडं. पहिला गोल आमची ताई, बघा, चित्रातसुद्धा कशी ताठ बसलीय."

सगळे हसले. ताईही हसली, कारण न हसणं दिसलं असतं. ते चित्र बाहेरच्या लोकांसाठी होतं. दूरदेशीचे डॉक्टर, संशोधक, ज्यांना हे घर ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ते या भिंतीवर येईल, याच माणसांसमोर, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मधली चित्राजवळ गेली. तिसऱ्या ओळीतला मधला चौकोन पूर्ण काळा होता आणि त्याच्यावरून एक तिरकी रेघ गेली होती. "ही रेघ?" तिनं विचारलं.

"गेलेल्या माणसाला असते," ताई म्हणाली.

मधलीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, टेबलावरचा डाग पुसावा तसं. "चांगलं छापलंय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन किटलीत पाणी भरायला लागली. पाणी भरून झाल्यावरही नळ बराच वेळ वाहत होता.

"काका, हा डाग पडलाय," ठकी म्हणाली. ती चित्राच्या अगदी पुढ्यात उभी होती. सगळ्यांत खालच्या ओळीत मधल्याची दोन मुलं होती: आधी एक गोल, मग एक चौकोन. चौकोनाच्या बरोबर मध्ये एक बारीक काळा ठिपका होता.

"मलाही तसंच वाटलेलं. म्हटलं शाई उडाली, पुसून टाकू. मग अंकात पाहिलं तर तिथंही आहे. म्हणजे तो आपल्या ताईचा ठिपका, आपण कोण काढणारे?"

"आत्या, हा कशाचा?"

या घडीला आपण काय करायला हवं होतं, ते ताई पुढे कितीतरी दिवस घोकत राहिली. म्हणायचं होतं एवढंच: हे चित्र बदललेलं आहे, यावरून कुणाचं काही ओळखू नका. आठ-नऊ शब्दांचं काम. पण तोंड उघडायच्या आत ठकीनं टोपलीजवळचा अंक उचलला होता. चित्राखालचा मजकूर ती अडखळत, जड शब्द सोपे करत वाचू लागली. "काळा म्हणजे आजारी. कोरा म्हणजे दोष नाही. ठिपका म्हणजे... रक्तात दोष आहे, लक्षणं अजून नाहीत."

तिनं वर पाहिलं. आधी गोलाकडे, जो कोरा होता. मग तिला हसू फुटलं. दोन वर्षांत, वडील गेल्यापासून, ती अशी हसली नव्हती. आपले दोन्ही हात समोर धरून, बोटं पसरून ती त्यांच्याकडे बघत हसत होती, जणू कुणी ते आत्ताच तिच्या हवाली केले होते. ताई ते बघत राहिली. तिच्याच्यानं बोलवेना.

मग ठकीला शेजारचा चौकोन दिसला. तिनं पटकन हात तोंडावर नेला.

धाकट्यानं सवयीनं विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची नजर वरच्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनावर गेली होती. तो त्याचा स्वतःचा, आणि ताईच्या गोलासारखाच तोही कोरा होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. एक मुलगी त्याच्यासाठी सहा वर्षं थांबली होती, आणि तिच्या गळ्यात हे दुखणं कशाला बांधायचं म्हणून त्यानंच तिला नाही म्हटलं होतं.

"मी कोरा," तो म्हणाला. "ताई, मी कोरा होतो होय गं?"

ताई पावाची टोपली सरळ करू लागली.

"सांगितलं नाहीस."

"तू खूण केली होतीस. कळू नये म्हणून."

"केली होती खरी," धाकटा म्हणाला आणि खुर्चीत बसला. "मी गाढवच."

भोपळ्या इतका वेळ उभाच होता. बस चालवताना असतो तसा, नजर समोर. "तरीच," तो म्हणाला. "मला वाटायचंच. सकाळी गियर टाकताना कधी कधी..." त्यानं खिशातून फोन काढला.

"कुणाला करतोयस?" स्वयंपाकघराच्या दारातून मधलीनं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तिला. अजून महिना आहे, आई. आत्ताच सांगितलेलं बरं. तू बाबांना नऊ वर्षं भरवलंस, मी पाहिलंय. तिला नाही करू देणार मी ते."

"अरे, जरा दम धर—"

"कशासाठी धरू?" तो गॅलरीकडे निघाला. फोन कानाला लागला होता.

"थांब!" ताई ओरडली. वर्गातला आवाज. "बंद कर तो. चित्र खरं नाही."

भोपळ्या दारात थबकला. पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. "नंतर करतो गं," तो म्हणाला आणि फोन खाली केला.

ताईनं टेबलाची कड धरली. "असलं चित्र छापताना माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यात फेरफार करतात. क्रम बदलतात, बाईचा पुरुष करतात, पुरुषाची बाई. सगळीकडे करतात. इथंही केलाय. तशी टीप आहे खाली. मी स्वतः घातलीय."

"कुठाय टीप?" धाकटा ताडकन उठून चित्रापाशी गेला. आणि मग तो तिथंच खिळला. "खाली एक ओळ होती," तो हळू म्हणाला. "मुंगीएवढ्या अक्षरात. समासात बसत नव्हती. मी कापली ती. मशीनवर घातलं आणि कापली." आयुष्यभर त्यानं वेड्यावाकड्या कडा सरळ करून दिल्या होत्या. एवढ्या वर्षांत आजच त्याला त्याची लाज वाटली.

"म्हणजे मला नाही?" भोपळ्यानं विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही. यावरून काहीच कळत नाही, एवढंच म्हणतेय मी."

"आत्या, हो की नाही?"

"यावरून कळत नाही, बाळा."

ठकी केव्हा खाली बसली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं पिशवीतून कामाचं भिंग काढून डोळ्यात अडकवलं होतं आणि अंकाचं तिसरं पान अगदी नाकाशी धरलं होतं. घड्याळाच्या पोटातला केसाएवढा स्क्रू शोधावा तशी ती ओळीवरून सावकाश सरकत होती. "आहे," ती म्हणाली. "'गोपनीयतेसाठी काही व्यक्तींचा क्रम व लिंग बदलले आहे.' आत्या बरोबर सांगतेय."

मधलीचा जीव भांड्यात पडला. "बघ! उगाच घाबरवलंत पोराला. भाऊजी, काढा ते भिंतीवरून."

"काही व्यक्तींचा," ठकी पुन्हा म्हणाली. भिंग तसंच डोळ्याला होतं, त्यामुळे तिचा एक डोळा फार मोठा दिसत होता. "खालच्या ओळीत आम्ही दोघंच आहोत. आमच्यात अदलाबदल करायची तर एकाच तऱ्हेनं होते. गोल याचा, चौकोन माझा."

"ठके, असं नसतं ते," ताई घाईनं म्हणाली. "कदाचित खालची ओळ बदललीच नसेल."

"नसेल. तेच म्हणणार होते मी." तिनं भिंग काढून मुठीत धरलं. "पण मी हसले तेव्हा तू गप्प होतीस, आत्या. मी हसत होते, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. हा फोन लावायला निघाला तेव्हा मात्र ओरडलीस."

ताईला खोटं बोलता आलं असतं. ती हुशार बाई होती, दोन वाक्यांत सगळ्यांना पटेल असं काहीतरी तिनं रचलं असतं. पण ठकीच्या नजरेला नजर देताना तिचे डोळे भरून आले.

"लिफाफा उघडलात तुम्ही," मधली म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "कुलपात ठेवणार होतात ना?"

"चित्र कुणीतरी बदलायलाच हवं होतं. कोण कुठला हे माहीत असल्याशिवाय बदलता येत नाही."

"दुसरं कुणी नव्हतं?"

"होतं," ताई म्हणाली. "माझा सहकारी म्हणाला होता, द्या, मी करतो. मी नाही दिलं." ती थांबली. आता अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. "मला बघायचं होतं. पोरांचं काय होणार ते मला बघायचं होतं. गेल्या वर्षी बघितलं, तेव्हापासून झोप नाही मला. आणि चित्र काढायला बसले तेव्हा... तिच्या गोलात तो ठिपका मला काढवेना. नियमात बसत होतं म्हणून केलं, पण खरं सांगायचं तर मला तो काढवेना."

"तुम्हाला काढवेना," मधली म्हणाली. "तुम्ही आमचं रक्त नेलंत, ताई. तुमच्या भावानं डोळे झाकून दिलं. औषध आणाल असं वाटलं होतं त्याला. शेवटपर्यंत वाटत होतं. बोलता येईना तेव्हा तुमचा फोटो बोटानं दाखवायचा. आणि तुम्ही आणलंत काय, तर हे." तिनं भिंतीकडे पाहिलंही नाही.

"वहिनी, असं नका बोलू," धाकटा म्हणाला. "आज ना उद्या यावरूनच औषध निघेल."

"तुमचं काय जातंय बोलायला? तुम्ही कोरे."

धाकट्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. सत्तेचाळीस वर्षं तो या घरातला हसवणारा माणूस होता, आणि आता त्याच्याजवळ कुणाला देण्यासारखं काही नव्हतं. भोपळ्या बहिणीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याला आनंद झाला होता. तो लपवता येत नव्हता, आणि त्याचीच त्याला शरम वाटत होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो थोपटला, जणू समजूत त्याचीच काढायची होती.

"बाबांना कितव्या वर्षी लागलं, आत्या?" ठकीनं विचारलं.

"त्रेचाळीस. ठके, ऐक, प्रत्येकाला त्याच वर्षी लागतं असं नाही. उशिरा लागू शकतं. तोवर काम चालू आहे आमचं, माझ्यामागे चार जण आहेत..."

"मी एकतीस. म्हणजे बारा वर्षं." तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मघासारखं नाही, गिऱ्हाईकानं आणलेल्या घड्याळाकडे बघावं तसं. "पुष्कळ आहेत. कमी पण आहेत."

"मला माफ कर," ताई म्हणाली.

"करीन. आज नाही."

एवढ्यात किटली शीळ घालायला लागली. केव्हाचं पाणी तापत होतं. मधली आत गेली, कारण अशा वेळी काहीतरी करावं लागतं आणि तिला एवढंच करता येत होतं. ती चहा घेऊन आली. डोळे पुसून आली होती. भांडण कितीही झालं तरी चहा सगळ्यांना मिळे, ही या घराची जुनी पद्धत. तिनं धाकट्याचा कप काठापर्यंत भरला. भोपळ्याचा भरला. ताईच्या कपाशी जरा थांबली, पण तोही पूर्ण भरला. मग ठकीचा कप. धार पडली आणि मध्येच किटली सरळ झाली.

कुणी ठरवून केलेलं नव्हतं ते. मधलीच्या हातानं नऊ वर्षं जे केलं तेच पुन्हा केलं. कप अर्धा राहिलाय हे तिला स्वतःलाही सगळ्यांबरोबरच दिसलं, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हे.

"आई," ठकी म्हणाली. "पूर्ण भर."

मधलीनं किटली दोन्ही हातांनी धरली. आणि तिनं भरला, अगदी काठोकाठ, इतका की चहा कपाच्या वर फुगून राहिला.

ठकीनं कप उचलला. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. या घरात सगळे नेहमी सगळ्यांच्या हातांकडेच बघत आले होते, आणि सगळ्यांत जास्त ताई. आज तिनं डोळे मिटून घेतले. तेवढं एक देणं ती भाचीला देऊ शकत होती. कप बशीवर टेकल्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा तिनं डोळे उघडले.

बशी कोरडी होती.